दुसरी झोकांडी

आमच्या आत्याला सर्कशीत सगळे ‘पाखरू’ म्हणायचे. तंबूच्या कळसाखाली ताणलेल्या तारेवर ती चालायची आणि खाली जाळी लावू द्यायची नाही. जाळी लावली की लोक गप्पा मारत बघतात, असं तिचं म्हणणं. हट्टीपणात तिचा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. तार डुलू नये म्हणून बाजूने जे दोर ताणतात, त्यांतला मधला दोर त्यांच्याकडे असायचा.

तारेच्या मध्यावर आत्या मुद्दाम झोकांडी खायची. सगळं नाटक. लोक किंचाळायचे, बाबा नेमक्या वेळी दोर खेचायचे, ती सावरायची आणि टाळ्या पडायच्या. एका दुपारच्या खेळात मात्र ती खरंच पडली. दोर सैल सुटला, असं मालक म्हणाला. बाबांनी मान खाली घालून कबूल केलं. आत्या इस्पितळात होती; तिला कुणी विचारलं नाही.

ती पुन्हा उभी राहिली नाही. बाबांनी सर्कस सोडली, ताडपत्र्या शिवायचं काम धरलं आणि रोज सकाळी तिला उचलून न्हाणीघरात नेऊ लागले. ते आजतागायत. आता त्यांचं हृदय थकलंय. डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त मनाई केली, म्हणून मी एक बाई ठेवली. बाबांनी तिला दारातूनच परत पाठवलं. मी चिडले, तर म्हणाले, “मी पाडलंय तिला. मीच उचलणार.”

हे आत्याने पलंगावरून ऐकलं.

“दोर सैल नव्हता रे,” ती म्हणाली. “टाळ्या कमी पडल्या म्हणून तुला न सांगता मी दुसरी झोकांडी खाल्ली. तुला कळणार कसं? पुढे सांगणार होते, पण सांगितलं असतं तर तू निघून गेला असतास. म्हणून गप्प बसले. चूक माझी आहे.”

मला तिचा भयंकर राग आला. माझ्या बाबांचं अख्खं आयुष्य हिने गिळलं होतं. तरी एकीकडे हायसं वाटलं, की आता तरी हा माणूस ऐकेल.

बाबांचे डोळे भरून आले. ते माझ्याकडे वळले.

“बघितलंस? माझ्या जिवासाठी खोटं बोलतेय. एवढं मन आहे तिचं, आणि हिला मी परक्या हातात देऊ?”

“खरं सांगतेय रे, नको उचलूस,” आत्या रडत म्हणत राहिली. बाबा वाकले आणि त्यांनी तिच्या पाठीखाली हात घातले.