बिस्किटांच्या डब्यातली माणसं

ती घटना आठवली की हातातला चहा अजूनही तसाच गार होतो. नोकरीत मी इतके पंचनामे केले की बहुतेक विसरून गेलो. हा एक मात्र डोक्यातून जात नाही, कारण यात मीच गाढव ठरलो होतो. नावं कुणाचीच देत नाही. ज्यांची आहेत त्यांनी पुष्कळ सोसलं आहे.

निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरली असताना माझी बदली रेवदंड्याच्या बाजूच्या एका सागरी पोलीस ठाण्यात झाली. मी घाटावरचा माणूस. समुद्र म्हणजे सहलीची जागा, एवढंच माझं ज्ञान. ठाण्याचं रोजचं काम बरंचसं बोटींभोवती फिरायचं. पूर्वी बोटींवर घरची माणसं जायची. आता घरची पोरं मुंबईला, आखातात, नाहीतर न्हावा शेव्याला. त्यामुळे हंगाम उघडला की उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा, आंध्र असं कुठून कुठून खलाशी येतात. बोट सुटताना आणि लागताना आमचा अंमलदार खलाशांची ओळखपत्रं तपासून वहीत सही करायचा. वही नेहमी चोख असायची आणि मला त्याचा अभिमान होता.

ऐन हंगामात एका सकाळी वर्दी आली की किनाऱ्याला मृतदेह लागला आहे. दोनच दिवसांपूर्वी एका बोटीच्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याने, एक खलाशी पाण्यात पडल्याची खबर दिली होती. चेहरा माशांनी ओळखण्यापलीकडे नेला होता. पण कमरेच्या प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड शाबूत होतं. वय चोवीस, पूर्व उत्तर प्रदेशातलं एक गाव. तांडेल म्हणाला, "हाच तो." बाकीचे सात खलाशीही म्हणाले, "हाच तो." अकस्मात मृत्यूची नोंद झाली, शवविच्छेदन झालं. बुडूनच मृत्यू, घातपाताची खूण नाही. डॉक्टर जरा किरकिऱ्या स्वभावाचे होते. "चेहरा नाही, तर मी दात राखून ठेवतो," म्हणाले. मी मनात म्हटलं, ठेवा बापडे.

कार्डावरच्या पत्त्यावरून वडिलांना कळवलं. तिसऱ्या दिवशी ते आले. साठीचे, काटक, खांद्यावर गमछा. त्यांना एवढंच म्हटलं की मन घट्ट करा. त्यांनी चादर पायाकडून वर केली, पावलं पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि मान हलवली. मी विचारलं, "आप ही का लड़का है?" ते म्हणाले, "हाँ साहब. मेरा ही है." इतक्या लांब नेणं शक्य नव्हतं. इथल्याच स्मशानात त्यांनी अग्नी दिला. मी शेजारी उभा होतो. माणूस रडला नाही, नुसते ओठ हलत होते. मला वाटलं मंत्र म्हणत असतील. अस्थी मडक्यात घेऊन ते गेले. मी फाइल बांधली आणि जेवायला घरी गेलो.

दहा-बारा दिवसांनी ठाण्याच्या दाराशी एक कोळीण येऊन बसली. बंदरावर सुकट-बोंबील वाळत घालणारी, पन्नाशी उलटलेली बाई. ठाणे अंमलदाराने तीनदा हाकलली तरी हलेना. शेवटी मी तिला आत बोलावलं.

"सायेब, त्या पोराला अग्नी कोनी दिला?"

"त्याच्या बापाने. का?"

"त्याचा बाप? सायेब, त्याचा बाप तर तो लहान असतानाच दर्यात गेला. त्यानीच मना सांगला होता. मंग ह्यो बाप आला कुठून?"

खोटं कशाला सांगू, मी हसलो. म्हटलं, "मावशी, दुसऱ्या कुणाबद्दल सांगितलं असेल."

"न्हाय सायेब. माज्या वलनीवर म्हावरा वालत टाकायला यायचा तो. पैशे न घेता, सुट्टीच्या दिवशी. बोलायचा, माजी आईपन घरी हेच करते. बोटीवर त्याला येकच नाव, पन त्याचा खरा नाव येगला हाय. मना ठावा हाय." आणि तिने ते नाव सांगितलं. कार्डावरच्या नावाशी त्याचा दुरूनही संबंध नव्हता.

"मग इतके दिवस गप्प का बसलीस?" मी आवाज चढवला.

"त्याच बोटीचा म्हावरा घेते मी. तांडेल उद्या मना उभी करनार न्हाय." तिने डोळे पुसले. "पन मेल्या बापाने अग्नी दिला म्हनतात, ता काय मना सहन झाला न्हाय."

कोण जळलं होतं तिथे? आणि ज्याने स्वतःहून पोटचा मुलगा म्हणून त्याला जाळलं, तो म्हातारा खोटं का बोलला?

तांडेलाला आणलं. कोळी समाजातला, समुद्रावर उभा जन्म काढलेला, तोंडाने फटकळ माणूस. पण त्या दिवशी तोंड शिवल्यासारखा बसला. दोन तास मी डोकं आपटलं. एक गोष्ट मात्र लक्षात आली. मेलेल्याचा विषय निघाला की तो "पोरगा" म्हणायचा, नाव घ्यायचाच नाही.

मी सरळ विचारलं, "नाव काय त्याचं?"

"कार्डावर हाय ना."

"कार्डावरचं सोड. त्याचं नाव?"

माझ्याकडे पाहत तो म्हणाला, "कोनाला ठावा, सायेब?"

बोटीची झडती घेतली तेव्हा इंजिनाच्या खोलीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा मिळाला. बोटीवर खलाशी सात. डब्यात कार्डं दहा.

मग तो बोलला, आणि अगदी साधेपणाने बोलला. त्यात आपण काही भयंकर करतोय असं त्याला वाटतच नव्हतं. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक खलाशाचं कार्ड तांडेल आपल्याकडे घेतो, म्हणजे माणूस मध्येच पळत नाही. तरी काही पळतातच, कार्ड सोडून पळतात. मग रिकाम्या जागी जो मिळेल तो नवा माणूस येतो. नव्याकडे कार्ड नसतं, कारण त्याचं आधीच्या ठेकेदाराने असंच दाबून ठेवलेलं असतं. मग त्याला डब्यातलं पळालेल्याचं कार्ड मिळतं. बोट सुटताना ते कमरेला, परत आल्यावर डब्यात. आणि समुद्रात तपासणी झाली तर चूक नको म्हणून सगळे त्याला कार्डावरच्याच नावाने हाक मारायला लागतात.

"चार महिने तो त्याच नावाला ओ देत होता," तांडेल म्हणाला. "चांगला पोरगा. जाला सोडताना पाय दोरात अडकला नि गेला. आमी लय शोधला, सायेब. आईची आन."

"आणि माझ्या अंमलदाराला हे कधी कळलं नाही?"

तो जवळजवळ कीव आल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. "तुमचा मानूस येतो, कार्डा मोजतो, डोकी मोजतो. जुलली की सही. तोंडा कोन बगतो?"

मी वही मागवली. चार महिन्यांच्या प्रत्येक पानावर ते कार्डावरचं नाव होतं आणि खाली आमच्या ठाण्याची सही. दर आठवड्याला त्यावर माझीही सही होती. एवढी लाज मला उभ्या नोकरीत कधी वाटली नाही.

आता कार्डाचा खरा मालक कुठे? म्हाताऱ्याच्या फोनचा तपशील काढला. अस्थी घेऊन गावी पोचला त्याच दिवशी त्याला एका नव्या क्रमांकावरून फोन आला होता. टॉवर न्हावा शेव्याजवळचा. आम्ही तिथल्या एका कंटेनर यार्डात गेलो. पर्यवेक्षक म्हणाला, या नावाचा इथे कोणी नाही. मी कार्डावरचा फोटो दाखवला. "हा तर आहे," म्हणाला, पण नाव भलतंच सांगितलं. मुलाला बोलावलं. डोक्याला हेल्मेट, गळ्यात प्रवेशपत्र, आणि त्या पत्रावर तिसऱ्याच कुणाचं नाव.

ज्याच्या चितेशेजारी मी उभा राहिलो होतो तो माझ्यासमोर घाम पुसत उभा होता.

बोटीवरून पळाला तेव्हा त्याचा फोन पाण्यात गेला होता. काम लागून चार महिन्यांनी हाती पैसे उरले, तेव्हा नवा घेऊन त्याने घरी फोन केला होता. मी विचारलं, "बाप क्या बोला?"

मुलाने हेल्मेट काढून हातात धरलं. "बाबूजी बोले, तू काग़ज़ पे मर गया है. अब मरा ही रह. फ़ोन मत करना."

बोलावणं पाठवल्यावर म्हातारा पुन्हा आला. या वेळी मी त्याच्यावर अक्षरशः ओरडलो. त्याने ऐकून घेतलं, मग सांगितलं. मुलाच्या डाव्या पायाचं बोट लहानपणी कडबा कापण्याच्या यंत्रात तुटलं होतं. चादर वर करताच त्याला कळलं, हा आपला नाही. "पर कार्ड मेरे बेटे का, और लाश दूसरे की. बेटे का फ़ोन बंद. मैंने सोचा साहब, इसने किसी को मार दिया और भाग गया. मरे हुए को कौन ढूँढता है? मैंने कह दिया, मेरा है."

जिवंत मुलाला वाचवायला बापाने त्याला माझ्यासमोर मारून टाकलं होतं. आणि मी, मोठा माणसं ओळखणारा, त्याचे ओठ हलताना पाहून मंत्र समजलो होतो.

"अस्थियाँ कहाँ हैं?" मी विचारलं. गंगेत सोडली असतील तर सगळंच संपलं होतं.

त्याने पिशवीतून गमछ्यात बांधलेलं मडकं काढून टेबलावर ठेवलं. गावाबाहेरच्या पिंपळाला टांगून ठेवलं होतं. रोज जाऊन खाली पाणी घालत होता. म्हणाला, "पराये लड़के को मैं कैसे बहा देता? जिसका है, वो कभी तो पूछेगा."

ज्याचा होता त्याच्यापर्यंत पोचलो ते त्या कोळणीमुळेच. मुलगा कधी कधी तिच्या फोनवरून आईला फोन करायचा. तो क्रमांक तिने पुसला नव्हता. ओडिशाच्या किनाऱ्यावरचं गाव. आई आली, सोबत तिचा भाऊ होता. डॉक्टरांनी राखलेल्या दाताचा डीएनए अहवाल आईशी जुळला. त्या किरकिऱ्या डॉक्टरांचे मी नंतर पाय धरले असते, पण ते रागावले असते.

मडकं आईच्या स्वाधीन केलं त्या दिवशी माझ्या खोलीत आम्ही मोजकीच माणसं होतो. म्हातारा भिंतीशी हात जोडून उभा. कोळीण दाराशी. आईने भावाला काहीतरी विचारलं. भावाने मोडक्या हिंदीत सांगितलं, "पूछती है, आग किसने दिया?"

म्हाताऱ्याने हात वर केला.

तिने पुन्हा काही विचारलं. भाऊ जरा अडखळला. "पूछती है, कौन सा नाम ले के दिया?"

म्हातारा खाली बसला आणि तेव्हा पहिल्यांदा रडला. "कोई नाम नहीं लिया, माई. अपने ज़िंदा बेटे का कैसे लेता? और इसका मालूम नहीं था. बस होंठ हिलाता रहा."

तिला ते कळायला भावाची गरज पडली नाही. तिने मडक्यावर हात ठेवला आणि मुलाला हाक मारली. एकदाच, जेवायला बोलवावं तशी. दारात उभा असलेला, ती वही भरणारा माझा अंमलदार टोपी काढून बाहेर निघून गेला.

तांडेलावर आणि बोटमालकावर गुन्हा दाखल झाला. म्हाताऱ्याने दिलेली खोटी ओळख, तिचं कारण आणि माझी चूक, सगळं मी वरिष्ठांना लेखी कळवलं. ठपका आला, तो योग्यच होता. डब्यातली उरलेली कार्डं ज्याची त्याला दिली. फक्त दोन मालक सापडले नाहीत; अजून कुठल्या यार्डात, कुठल्या नावाने राबत असतील, देव जाणे.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं लोक विचारतात. चेहऱ्याशी कार्ड ताडून बघायचं, हे तर शिपायाला पहिल्या वर्षी शिकवतात. मी शिकलो ते थोडं वेगळं. उरलेली दोन वर्षं मी स्वतः बंदरावर जात राहिलो. कार्ड बाजूला ठेवून प्रत्येक खलाशाला विचारायचो, "घर में क्या बुलाते हैं?" आधी ते बावचळायचे. मग सांगायचे, आणि सांगताना हमखास हसायचे. ते नावही वहीत लिहायचा दंडक मी घातला.

नावं द्यायची नाहीत, असं ठरवूनच हे लिहायला बसलो. नाहीतर त्या माउलीने मारलेली ती हाक इथे लिहिली असती.