चष्मेवाल्या भाऊजींचं लिनक्स

माझे धाकटे दीर चष्मेवाले आहेत. गल्लीच्या तोंडाशी दुकान, दुकानाच्या वर त्यांचं घर आणि जिन्यासमोरच्या दारात आमचं बिऱ्हाड. दुकानात त्यांच्याइतका ठाम माणूस शोधून सापडायचा नाही. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती तपासणीची जड गोल फ्रेम चढवली, की टकटक काचा घालत-काढत विचारतात, "असं बरं, की असं?" आणि गिऱ्हाईक घुटमळायच्या आत नंबर लिहून मोकळे.

तेच भाऊजी स्वतःसाठी चपला घ्यायला गेले, की तो दुकानदार चहाला म्हणून निघून जातो. त्यांच्या लग्नाच्या वेळी तर स्थळांमागून स्थळं बघत राहिले होते. शेवटी सासूबाईंनीच परस्पर होकार कळवून टाकला आणि यांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. "नाहीतर अजून बघतच बसला असता," असं सासूबाई आजही सुनेच्या देखत म्हणतात. सून, म्हणजे माझी धाकटी जाऊ, हसते. तिचं नशीब त्या होकारानं उजळलं की कसं, यावर ती अजून काही बोललेली नाही.

अशा माणसाच्या हातात लिनक्स पडलं.

वरच्या घरात, खिडकी आणि शिवणयंत्र यांच्या मधल्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर आहे. त्यावर भाऊजी दुकानाची बिलं करतात, सासूबाई पत्ते लावतात आणि धाकटी ट्रक चालवते. खरा नव्हे, गेममधला. पण टेबलाला शिकंज्यानं आवळलेलं स्टिअरिंग खरं, पायाखालचे ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर खरे, आणि वळणावर तिच्या कपाळाला पडणारी आठीही खरी. हा खेळ तिच्या लेकीनं सासरी जाताना तिला लावून दिला होता, करमणूक म्हणून. बाईनं वर्षभरात अशी प्रगती केली, की आता दर रविवारी दुपारी ठिकठिकाणचे पंधरा-वीस ट्रकवाले इंटरनेटवर जमतात, ताफा काढतात आणि धाकटीला पुढची गाडी देतात. पुढची गाडी म्हणजे म्होरक्या. ती ठरवेल तो वेग, ती थांबेल तिथे थांबा. ते तिला 'बॉस' म्हणतात. घरात तिला बॉस म्हणायची कुणाची छाती नाही, कारण तिथे ते पद सासूबाईंकडे आहे.

तर त्या कॉम्प्युटरची जुनी सिस्टिम म्हातारी झाली आणि भाऊजींना कुणीतरी लिनक्सचं नाव सांगितलं. फुकट असतं, जुन्या यंत्रावरही पळतं, गेमही चालतात. एवढ्यावर कुणीही एक घेऊन बसवलं असतं. पण लिनक्स एक नसतं. निरनिराळ्या मंडळींनी आपापल्या पद्धतीनं बांधलेलं असतं, त्या प्रत्येक बांधणीला डिस्ट्रो म्हणतात. शिवाय प्रत्येकावर डेस्कटॉपही वेगवेगळे चढवता येतात. मला काही समजेना तेव्हा भाऊजींनी समजावलं, "सोपं आहे, वहिनी. डिस्ट्रो म्हणजे काच, डेस्कटॉप म्हणजे फ्रेम. नजर काचेनं सुधारते. फ्रेम नुसती तोंडावर दिसते."

"मग कुठली काच चांगली?"

"तेच तर बघतोय."

बघत राहिले. मिंट बसवलं, छान चाललं, म्हणून काढलं. कारण छान चालतंय म्हणजे याहून छान काहीतरी असणार. मग उबुंटू, मग आणखी एक, ज्याचं नाव मला उच्चारता आलं नाही. जेवताना ताटाशेजारी मोबाइल, त्यावर अनोळखी लोकांची भांडणं. गेमला कुठलं बरं, रोजच्या कामाला कुठलं बरं, फ्रेम म्हणून केडीई घ्यावं की नोम. भाऊजी घास हातात धरून दोन्ही पक्षांना मान डोलवायचे.

दर बदलाला घर नव्यानं मांडावं लागे. प्रिंटर रुसायचा. धाकटीच्या स्टिअरिंगची जुळणी पुसली जायची, मग डावीकडे वळवलं की ट्रक शेतात. सासूबाई खुर्चीवर बसून हाक मारायच्या, "अरे, माझे पत्ते कुठे ठेवलेस?"

"आई, आता खालच्या पट्टीत बघ."

"काल वरच्या होते."

"आता डेस्कटॉप वेगळा आहे."

"पत्ते तेच आहेत ना? मग जागा कशाला हलवतोस? तुझ्या दुकानात रोज काउंटर फिरवतोस का?"

धाकटीनं हे सगळं सोसलं. पण एका रविवारी जेवणं झाली आणि ती हात पुसत येऊन बघते, तर पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलानं सरकतेय आणि भाऊजी शेजारी तिच्यावर डोळे लावून बसलेत.

"अहो, हे काय? माझा ताफा आहे आत्ता."

"होतंय गं, अर्धा तास."

अर्ध्या तासाची संध्याकाळ झाली. ताफा तिच्यावाचून निघाला, एका हॉर्नवेड्या माणसाच्या मागे, आणि पहिल्याच पुलावर अर्धे ट्रक एकमेकांत घुसले. रात्री तिला निरोप आला, की पुढच्या रविवारी घाटाची मोठी फेरी आहे. बॉस आल्या तर ठीक, नाहीतर पुढची गाडी कायमची हॉर्नवाल्याला. धाकटीनं तो निरोप मला दाखवला. रडली-बिडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, उभ्या जन्मात मला कुणी 'तू पुढे हो, आम्ही मागून येतो' म्हटलं नव्हतं."

त्या खेपेला भाऊजींनी बसवली होती फेडोरा नावाची काच, आणि त्यावर केडीई नि नोम अशा दोन्ही फ्रेमा, तुलनेला म्हणून. यंत्र सुरू करताना नावापाशी खूण केली, की हवी ती फ्रेम चढते. धाकटीनं दोन दिवस खपून केडीईत स्टिअरिंग जुळवून घेतलं. सगळं नीट चालू लागलं. आणि गुरुवारी सकाळी भाऊजी चहा पिता पिता खिशातून पेनड्राइव्ह काढून म्हणाले, "डेबियन उतरवलंय. शनिवारी बसवू. यावर ट्रक जरा जास्त मऊ चालेल, असं वाचलं."

मी तिथेच होते. मला वाटलं आता भांडं आदळतं. पण धाकटीनं हात पुढे केला.

"द्या इकडे. मीच बसवते आज. तुम्हाला दुकान आहे."

"तुला जमेल?"

"इतक्यांदा बघितलंय. न जमायला काय झालं?"

भाऊजींना इतका आनंद झाला, की ते कपबशी स्वतः विसळायला उठले. बायकोला अखेर गोडी लागली.

ते खाली गेले. धाकटीनं पेनड्राइव्ह साखरेच्या डब्याशेजारी ठेवला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, नावापाशी केडीईच्या जागी नोमवर खूण केली आणि पडद्यावरचं चित्र बदललं. संपलं काम. उरलेला वेळ आम्ही दोघी भाजी निवडत बसलो.

"अगं, ओळखतील ना."

"ताई, दुकानात हे काय करतात माहीत आहे? एखादं गिऱ्हाईक फार चिकित्सा करायला लागलं, की काच काढल्यासारखी करतात आणि तीच परत घालतात. 'आता?' तो म्हणतो, 'हां, आता फार बरं.' मग हे ओळखतात, की याच्या डोळ्याला काही नाही, याला नुसतं बदलायला हवंय." तिनं देठ मोडला. "फक्त माझा रविवार जाऊ दे. मग सांगेन."

दुपारी भाऊजी जेवायला आले ते थेट कोपऱ्यात. माउस हलवला. एक खिडकी उघडली, मिटली. मान तिरकी करून बघितलं.

"वा. हे वेगळंच आहे. अक्षरं बघ कशी रेखीव. कालच्यात एक जडपणा होता, तुला जाणवला नव्हता?"

"नव्हता बाई," धाकटी म्हणाली. "पण तुमची नजर तयार आहे."

"ट्रक काढ बघू."

तिनं ट्रक काढला, गावातून एक फेरी मारली. भाऊजी मागे उभे. "बघ. वळणावर आधी जे अडखळत होतं ते गेलं. मुळात काचच स्वच्छ आहे. मी म्हणत नव्हतो?"

मी भाजीच्या ताटात मान घातली.

तिकडून सासूबाई आल्या, "ऊठ गं, माझी वेळ झाली," म्हणत खुर्चीवर बसल्या. पत्ते कुठे असतील ते शोधायला सुनेनं मदत केली. पत्ते उघडले आणि सासूबाईंचा चेहरा फुलला.

"अरे, या वेळी अगदी शहाण्यासारखं केलंस हो. बदाम राणीपाशी अडलेला माझा कालचा डाव जसाच्या तसा आहे. नाहीतर दर वेळी मोडून टाकतोस."

भाऊजी तोवर ताटावर बसले होते, त्यांचा घास तोंडापाशी थांबला. सिस्टिम नवी बसवली तर कालचा डाव राहत नाही, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको आमटी वाढत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

ते जेवले, हात धुतले, साखरेच्या डब्याशेजारचा पेनड्राइव्ह उचलून खिशात घातला आणि खाली गेले.

"झालं," धाकटी म्हणाली. "आता शनिवारी मुद्दाम बसवतील."

शुक्रवार तसाच गेला. शनिवारी दुकान बंद झाल्यावर भाऊजी कॉम्प्युटरसमोर नुसते बसून राहिले. धाकटी स्वयंपाकघरातून कानोसा घेत होती. शेवटी ते उठून झोपायला गेले. खिसा तपासायची सोय नव्हती, कारण त्या दिवशी शर्ट घालूनच झोपले.

रविवारी दुपारी तिनं मला बोलावून घेतलं, साक्षीला म्हणून. ती स्टिअरिंगवर बसली होती. पडद्याच्या डाव्या बाजूला ट्रकवाल्यांच्या नावांची रांग लागत होती. तेवढ्यात भाऊजी आले, हातात पेनड्राइव्ह.

"ऊठ म्हटलं तर उठशील?"

"नाही."

"मग बोल. मी कुठे चुकलो?"

"तुम्ही म्हणालात अडखळणं गेलं. गेलं नव्हतं. अडखळतच नव्हतं मुळी." ती पडद्यावरून नजर न हलवता बोलत होती. "ही काच मला लागलीय. आता माझ्या डोळ्यावरून काढायची नाही. तुम्हाला याच्यातच वेगळं खातं काढून देते, तिथे सकाळी एक फ्रेम, संध्याकाळी एक फ्रेम. सोन्याची घाला. पण काचेला हात नाही."

"आणि चांगलं काही निघालं तर?"

"निघू दे की," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "तुझ्या लग्नानंतरही चांगली स्थळं निघालीच असतील."

भाऊजी शिवणयंत्राच्या स्टुलावर बसले. पडद्यावर ओळ उमटली: बॉस, निघायचं?

धाकटीनं गिअर टाकला.

घाट अवघड होता. एका बाजूला खडक, एका बाजूला काही नाही. मागे वीसेक दिवे एकामागोमाग वळत होते आणि पुढे फक्त ती. हॉर्नवाल्यानं मध्येच डावीकडून घुसायला बघितलं, तिनं त्याला वाट दिली नाही. भाऊजी हळूहळू स्टूल ओढत पुढे सरकले. एका वळणावर त्यांनी श्वास आत घेतला तो उतार संपल्यावर सोडला. शेवटच्या थांब्यावर सगळे ट्रक ओळीत उभे राहिले, एकही कमी नाही, आणि कुणीतरी लिहिलं: बॉस, तुमची गाडी जराही अडत नाही. कुठली सिस्टिम वापरता?

धाकटीनं मान वळवली. "काय लिहू?"

भाऊजींनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना सांगण्यासारखं कितीतरी होतं.

"लिही, फेडोरा," ते म्हणाले. आणि हे आयुष्यात पहिल्यांदा झालं असेल, पुढे 'पण' आला नाही.

संध्याकाळी आमच्या दाराची कडी वाजली. भाऊजी होते, हातात चष्म्याची एक मोठी डबी. उघडली तर आत सगळे पेनड्राइव्ह ओळीनं निजवलेले.

"वहिनी, हे तुमच्या कपाटात असू देत. तिच्या हाती लागायला नकोत. एकदा नाद लागला की बाई रोज नवं बसवत सुटेल. तिला आवर घालायला हवा."

मी डबी घेतली. ते दारातून हलेनात. माझ्या खांद्यावरून आत टेबलाकडे बघत होते, तिथे माझा लॅपटॉप उघडा होता.

"तुमचा सुरू व्हायला फार वेळ घेतो ना?"

"अजिबात नाही," मी म्हटलं आणि दार लोटून घेतलं.