शैलाताईंचं पान

काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांत चालणाऱ्या आमच्या टेक्स्ट एडिटरची, म्हणजे संगणकावर मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमची, मराठी माहिती शैलाताईंनी लिहिली होती. कुठली सेटिंग काय करते, मजकुरात शब्द शोधण्यासाठीच्या खुणा कशा वापरायच्या, सगळं त्यांचंच. त्यांचं विस्मरण वाढत गेलं तसं ते काम माझ्याकडे आलं. परवा नव्या आवृत्तीसाठी त्यांचं पान सुधारायला घेतलं आणि राहवेना, म्हणून लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले.

त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी पान समोर धरलं. ओळीवर बोट ठेवून त्या सावकाश वाचू लागल्या, "शोधताना टाकलेला बिंदू म्हणजे कुठलंही एक अक्षर. तिथे कोण येईल ते ठाऊक नसतं, पण जागा राखलेली असते."

मग थांबल्या. "किती सोपं करून सांगितलंय! कुणी लिहिलं?"

"तुम्हीच, ताई."

परक्याची थट्टा सहन करावी तशा त्या हसल्या. "छे, मला कुठलं जमतंय! हुशार आहे हो बाई. असते कुठे ती?"

अशी माहिती लिहिताना आपण स्वतःला वाक्यांतून पुसतच जातो. वाचणाऱ्याचं अडलेलं काम व्हावं, आपण दिसू नये, हे मला ताईंनीच शिकवलं. पण ते पुसणं आपल्या हातात असतं, असं मी धरून चालले होते.

"भेटली तर सांगा तिला," ताई म्हणाल्या, "छान लिहितेस म्हणून."

"सांगते," मी म्हटलं.