कुंकू लागलेला चेंडू

आमच्या मुलाला अमेरिकेतल्या कॉलेजात बेसबॉल खेळायचं होतं. पुण्याहून हूफडॉर्प या डच गावी आलेल्या आईबापाच्या पोटी हे खूळ कुठून आलं, देव जाणे. क्रिकेट न जमणाऱ्यांनी बेसबॉल काढला, असं माझ्या नवऱ्याचं ठाम मत. तरी दर रविवारी वाऱ्यात कुडकुडत मैदानावर सगळ्यांत आधी हाच हजर. मुलगा कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपरच समजा. बॅटरच्या मागे उकिडवं बसायचं, तोंडावर जाळी, हातात मिट, म्हणजे चामड्याचा जाडजूड हातमोजा. त्या मिटवर त्याचा आमच्यापेक्षा जास्त जीव होता.

सीझनच्या शेवटच्या मॅचला एका अमेरिकन कॉलेजचे कोच त्याला बघायला येणार होते. आणि नेमकी त्याच दिवशी खंडेनवमी आली.

खंडेनवमी मी कधी सोडत नाही. डिपेंडंट व्हिसावर आले तेव्हा पूजेला फक्त नवऱ्याचा लॅपटॉप असायचा. आता माझा डब्यांचा व्यवसाय आहे, त्यामुळे मोठा मिक्सर, पोळपाट-लाटणं आणि घरातल्या सगळ्या सायकली, सगळ्यांना हळदकुंकू. मग मिटनं काय पाप केलं होतं? मुलगा झोपलेला असताना मी तो बॅगेतून काढला आणि ओल्या बोटानं तळव्यात मधोमध चांगलं ठसठशीत कुंकू लावलं.

"पूजा केलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नसतं," नवरा म्हणाला.

"ते पुण्यात. इथे सुट्टी कोण देतंय?"

हात जोडून त्याची निवड होऊ दे म्हटलं, आणि लगेच मनात आलं, इतक्या लांब? तिथे याला जेवायला कोण वाढणार? देवाचाही गोंधळ उडाला असेल.

मॅच सुरू झाली आणि थोड्याच वेळात अंपायरनं हात वर करून खेळ थांबवला. चेंडूवर लाल डाग होता. बेसबॉलमध्ये चेंडूला काही फासणं म्हणजे सरळसरळ लबाडी. त्यानं पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पोराची, बोटं तपासली, टोपी काढायला लावून आतून बघितली. तो बिचारा पोरगा रडवेला झाला.

"तू?" नवऱ्यानं विचारलं.

"थोडंसंच लावलं होतं रे."

पुढच्या रांगेत बसलेले अमेरिकन कोच उठून उभे राहिले. मी धावत जाळीपाशी गेले. मुलानं मिटमध्ये पाहिलं, मग माझ्याकडे. आता काय ऐकायला मिळणार ते मला ठाऊक होतं. बसस्टॉपवर मी जरा मोठ्यानं मराठीत बोलले तरी हा दातओठ खात "माम, डू नॉर्माल" म्हणायचा. नीट वाग, चारचौघांसारखी. त्या दिवशी तर मी त्याच्या भविष्यालाच कुंकू फासलं होतं.

त्यानं तोंडावरची जाळी वर केली आणि अंपायरला डचमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हे माझ्या आईनं लावलंय. आज आमच्याकडे कामाच्या वस्तूंची पूजा असते. पिचरचा यात काही दोष नाही."

रंग आहे, घाण आहे, काहीही म्हणता आलं असतं त्याला.

अंपायरनं चेंडू बदलला, मिट बाहेर ठेवायला लावला. मुलगा दुसऱ्याच्या घट्ट मिटनं खेळला. पहिलाच चेंडू सुटला. पुढेही एक-दोन सुटले, आणि दर वेळी मी स्वतःला शिव्या घातल्या. पण पिचर घाबरला की हा उठून त्याच्यापाशी जायचा, खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलायचा आणि परत येऊन बसायचा.

मॅचनंतर कोच त्याच्याशी बराच वेळ बोलत होते. गाडीत मी विचारायचं धाडस केलं नाही. नवऱ्यानंच विचारलं.

"सुटलेले चेंडू सुधारता येतात म्हणाले," मुलगा इंग्रजीत म्हणाला. "आणि पिचरला सांभाळणारा कॅचर त्यांना हवाच आहे."

पुढच्या ऑगस्टमध्ये तो गेला. शिपोल विमानतळावर मी रडणार नव्हते, पण रडलेच.

त्या वर्षी खंडेनवमीला मी लॅपटॉप, मिक्सर, सायकली मांडल्या. त्याची सायकलही पुसून ठेवली. दुपारी फोन वाजला. तिकडे सकाळ होती आणि हा प्रॅक्टिसला निघायच्या घाईत. आम्ही मराठीत बोलायचं आणि त्यानं इंग्रजीत नाहीतर डचमध्ये उत्तर द्यायचं, ही आमच्या घरची रीत.

"आई," तो चक्क मराठीत म्हणाला, "आधी हळद लावायची की आधी कुंकू?"

"आधी हळद," मी म्हटलं. "आणि मागच्या बाजूनं लाव रे, आतून नको."