न वाचलेल्या पुस्तकाची शिफारस

सत्तरच्या दशकात कॅनडातल्या कॅल्गरीत मराठी पुस्तक मिळायचं ते फक्त कुणाच्या तरी बॅगेतून. आमच्यातले डॉक्टर दर डिसेंबरला भारतात जात, आणि लोणची, मसाले आणि त्यांच्या सासूबाईंचे लाडू यांतून उरलेली जागा आमच्या वाचनमंडळाला मिळे. मंडळ म्हणजे चार-पाच बिऱ्हाडं, डॉक्टरांचा बेसमेंट आणि ज्याने त्याने करून आणलेलं पॉटलक जेवण. वाचायची ती फक्त चरित्रं आणि आत्मचरित्रं. कादंबऱ्या बायकांनी आपापसांत वाचाव्यात असं डॉक्टरांचं मत होतं, आणि त्या वाचत होत्या, डॉक्टरांपेक्षा पुष्कळ जास्त.

बॅगेत कोणती पुस्तकं यायची, हे नोव्हेंबरातल्या बैठकीत ठरे. ज्याला पुस्तक हवं त्याने बेसमेंटमधल्या, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या दारापुढे उभं राहून शिफारस करायची. वेळ चहा उकळून गाळेपर्यंत. आणि एक कडक नियम : पुस्तक आपण स्वतः वाचलेलं असलं पाहिजे. हा नियम एका साखर कारखानदाराच्या चरित्रामुळे आला. ते कुणीतरी ऐकीव माहितीवर मागवलं, आणि आम्ही सगळ्यांनी अख्खा हिवाळा साखरेचा उतारा वाचला.

फर्नेसचं दार ही माझी हक्काची रंगभूमी. पुण्यात मी हौशी नाटकांतून कामं केली होती, आणि कॅल्गरीच्या तेल कंपनीत नकाशे काढताना तो गुण फारसा उपयोगी पडत नव्हता. त्या वर्षी मला एका जुन्या नटाचं दोन खंडांतलं चरित्र हवं होतं. ते मी तरुणपणी वाचलं होतं. भाषणाची तालीम आरशासमोर झाली होती.

गाडीत बायको म्हणाली, "आज वहिनी उभ्या राहणार आहेत."

वहिनी म्हणजे आमच्या भूगर्भशास्त्रज्ञ मित्राची बायको. मंडळात त्यांचा आवाज फक्त "आणखी पोळी?" एवढाच ऐकलेला.

"त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेनं आत्मचरित्र लिहिलंय," बायको म्हणाली. "आपण त्यात आहोत का, एवढंच त्यांना बघायचंय. बाईंना आपली आठवण आहे का."

"पण मग वाचलेलं नाही."

"नाही. आणि तू गप्प बसायचंस."

"मी कधी बोलतो?"

रस्त्यावर बर्फ होता, तिने तिकडे बघणं पसंत केलं.

माझं भाषण रंगलं. मी नट झालो, त्याच्या नाटक कंपनीचा मालक झालो, दोन प्रवेश झालो. टाळ्या पडल्या. मग वहिनी उठल्या, पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि फर्नेसकडे न बघता आमच्याकडे बघून बोलू लागल्या.

एक मुलगी. सातवी झाली तशी वडिलांनी तिला शाळेतून काढली. रविवारी दुपारी मुख्याध्यापिका सायकलवरून आल्या. वडील बाहेर येईनात. बाई ओट्यावर बसल्या, पिशवीतून पेपरांचा गठ्ठा काढला आणि तपासायला लागल्या. ऊन ओट्यावरून अंगणात गेलं, अंगणातून कुंपणावर गेलं. बाई पेपर तपासतायत. शेवटी वडील दारात आले.

"बाई, जेवून तरी जा."

"मुलगी उद्या शाळेत येणार असेल तर जेवते."

आणि बाई जेवल्या. भात दोनदा घेतला.

बेसमेंटमध्ये कुणी हललं नाही. चहा उतू गेला. मला माझा नट एकदम फार रंगवलेला वाटायला लागला.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "सुंदर. कितव्या प्रकरणात आहे हो, वहिनी?"

वहिनींनी पदर पुन्हा सारखा केला.

"डॉक्टर," मी म्हणालो, "चहा गेला, वेळ संपला. प्रश्न विचारायचे तर पुढच्या शिफारशीला."

"पुढची शिफारस कुणाची आहे?"

"कुणाचीच नाही. म्हणून तर."

मतं घेतली. बॅगेत जागा थोडी होती, त्यामुळे माझा नट अर्धा आला, म्हणजे पहिलाच खंड. तो लग्नाशी संपत होता. माझं मतही वहिनींनाच होतं, त्यामुळे तक्रार करता येईना.

जानेवारीत बाईंचं पुस्तक आलं. मागणाऱ्याने आधी वाचायचं, मग ते फिरायचं. वहिनींनी ते चटकन परत केलं. पुढचा नंबर डॉक्टरांचा. पुढच्या बैठकीला ते पुस्तक हातात घेऊनच उभे राहिले.

"वहिनी, यातली पानं गळलीयत का? मला अनुदान सापडलं, शाळेच्या छपराचे पत्रे सापडले, तपासणीला आलेले साहेब तर तीनदा सापडले. ओटा काही सापडेना."

वहिनींनी पुस्तक घेतलं, मधलं एक पान काढलं आणि वाचलं, "काही पालक मुलींना शाळेतून काढत. त्यांच्या घरी जावे लागे."

"मग?"

"त्या 'काही'त मी आहे."

माझ्या बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वहिनी मात्र हसू लागल्या होत्या, आधी बारीक, मग मोकळ्या. "मला इतकी वर्षं वाटायचं, बाई फक्त आमच्याच ओट्यावर बसल्या होत्या. अख्ख्या गावाचे पेपर त्यांनी ओट्यांवरच तपासले असणार."

डॉक्टर पुढे सरसावले. "म्हणजे तुम्ही न वाचता शिफारस केलीत."

"केली, भाऊजी."

"नियमाप्रमाणे काहीतरी शिक्षा—"

"द्या ना. पण हे पुस्तक आधी पुन्हा माझ्याकडे द्या." त्यांनी ते डॉक्टरांच्या हाती परत दिलंच नव्हतं. "मी यात नुसती स्वतःला शोधत होते. आता बाईंचं वाचते. पत्र्यांसकट."