वरच्या घरातून उतरलेली ओल

माझ्या माहेरी काय आणि सासरी काय, स्वतःच्या नावावर घर झालेले आम्हीच पहिले. सासूबाईंचं सगळं आयुष्य भाड्याच्या खोल्यांमध्ये गेलं होतं. दर काही वर्षांनी भांडी गोणत्यात भरायची आणि नव्या पत्त्यावर जाऊन रेशनकार्डाच्या मागे लागायचं, हे त्यांना इतकं अंगवळणी पडलं होतं, की पनवेलजवळ करंजाड्यात आम्ही वन बीएचके घेतला तरी पहिले काही महिने त्यांनी पितळेची भांडी खोक्यातून बाहेर काढली नव्हती. एकुलती एक बेडरूम आम्ही त्यांना दिली आणि आम्ही नवरा-बायको हॉलमध्ये झोपायला लागलो. स्वतःची खोली त्यांना पासष्टाव्या वर्षी मिळाली. दार मात्र त्या कधी लावत नसत.

दिवाळीनंतर त्यांनी लोखंडी कपाट एकटीने ढकलत बाथरूमच्या बाजूच्या भिंतीला नेऊन लावलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "इथे उजेड पडतो, कपडे नीट दिसतात." मला ते पटलं. थंडीत मी शालींसाठी कपाट उघडलं, तर आतल्या साड्यांना कुबट वास आणि कडेच्या घड्यांवर काळे ठिपके. कपाट हलवलं तेव्हा मागची भिंत दिसली. छतापासून कमरेइतक्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटले होते आणि हात लावला की पुट्टी ओल्या पिठासारखी बोटांना येत होती.

"आई, हे कधीपासून आहे?"

"असेल थोडे दिवस. आत्ताच तर घर घेतलंत. लगेच काय सांगायचं?"

पाऊस कधीच संपला होता, म्हणजे पाणी बाहेरून येत नव्हतं. आम्हाला एवढंच कळलं. त्यापुढचं कळायला माणूस हवा होता, आणि माणूस मिळवणं हेच खरं काम आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. भाड्याने राहताना नळ गळला तर घरमालकाला फोन करायचा आणि त्याने काही केलं नाही तर त्याच्या नावाने बोटं मोडायची, एवढीच आमची तयारी होती. आता बोटं मोडायला कोणी उरलं नव्हतं. वॉचमनने एक नंबर दिला, भाजीवालीने एक, ऑफिसातल्या मैत्रिणीने एक. सगळे "निघालोय" म्हणायचे. एकाने तर "तुमच्या गेटजवळच आहे" असं सांगितलं आणि नंतर फोन बंद केला. नवऱ्याने सुट्ट्या घेतल्या, मग मी घेतल्या. येणाऱ्यासाठी चहाचं आधण ठेवायचं, वाट बघायची, आणि संध्याकाळी ऑफिसच्या मेलना उत्तरं द्यायची.

जो पहिला खरोखर आला, त्याने भिंतीला पांढरं सिमेंट आणि कसलंसं केमिकल लावून दिलं. महिनाभर भिंत छान दिसली. सासूबाईंनी खोक्यातली भांडी काढून चिंचेने घासली आणि स्वयंपाकघराच्या फळीवर मांडली. मग ओल त्या सिमेंटला वळसा घालून दुसऱ्या बाजूने खाली उतरली.

दुसरा प्लंबर जवळच्या कोन गावचा. वयस्कर आणि सावकाश बोलणारा. त्याने भिंत नुसती पाहिली आणि आमच्या बाथरूममध्ये जाऊन छताला हात लावला.

"ताई, पानी वरनं येतंय. वरच्यांची लादी फोडायला लागेल, खालचा पाइप बदलायला लागेल. खालनं कितीबी लावा, काय उपयोग नाय."

"वरचे तयार झाले तर तुम्ही कराल?"

"पाइपाचं आमी करतो. लादीला मिस्त्री बघा."

वरच्या घरातल्या काकूंची आणि माझी ओळख जिन्यापुरतीच होती. दार उघडल्यावर त्यांनी मला आधी बाथरूम नाही, काका दाखवले. काकांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. एकच शब्द राहिला होता, 'बरं'. पाणी हवं असलं तरी बरं, दुखत असलं तरी बरं. त्यांच्यासाठी काकूंनी बाथरूमला भिंतीभर स्टीलचे दांडे बसवून घेतले होते. उंबरा काढून टाकला होता आणि खरखरीत लाद्या घातल्या होत्या. बहुधा त्याच कामात खाली काहीतरी फुटलं असावं.

मी सगळं सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमची भिंत मी बघितली नाही, पण तुम्ही खोटं सांगत नाही आहात. फोडा म्हणता, फोडूया. फक्त तेवढे दिवस ह्यांना कुठे नेऊ ते सांगा. माझ्याकडे दुसरं बाथरूम नाही."

मी खाली आले. नवरा म्हणाला, सोसायटीकडे तक्रार करू. मी म्हटलं, कोणाविरुद्ध करायची?

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑफिसला गेल्यावर सासूबाई एकट्या वर जाऊन आल्या. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता त्यांनी सांगून टाकलं, "काम चालेल तोवर ते दोघं आपल्याकडे राहतील. हॉलमध्ये. आपण तिघं आत. मी सांगून आलेय."

मग मिस्त्री शोधायचा होता. ज्याने होकार दिला तो जालन्याकडचा होता, हात चांगला आहे असं दोघातिघांनी सांगितलं होतं. तो वर येऊन बघून गेला. चार-पाच दिवसांत लादी बसवून देतो म्हणाला. ठरलेल्या सकाळी तो वेळेवर आला, फोडलेल्या लादीचं राबिट उचलायला आदिवासी वाडीवरचं एक जोडपं घेऊन आला, आणि मला वाटलं, आता सुटलो. काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून माझा नवरा, वॉचमन, प्लंबर आणि तो मिस्त्री असे चौघे जिन्याने खाली घेऊन आले. काकू मागून उशी धरून उतरत होत्या. आमच्या दिवाणावर टेकल्यावर काका छताकडे बघत म्हणाले, "बरं."

संध्याकाळपर्यंत वरचं बाथरूम लादीखालच्या कोब्यापर्यंत उखडून झालं. प्लंबरने फुटलेला सांधा दाखवला आणि पाइप बदलला. मिस्त्री म्हणाला, उद्यापासून लादी. दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

ते जोडपं मात्र आलं. दारासमोरच्या पायऱ्यांवर दोघं दुपारपर्यंत बसून होती. त्यांनाही कोणी काही कळवलं नव्हतं. मी चहा दिला. बाई म्हणाली, "शेट येल का नाय, तुमाला काय म्हाईत?" तिला वाटलं, मिस्त्रीची खबर आमच्याकडे असेल. आम्हाला वाटत होतं, तिच्याकडे असेल. शेवटी वरच्या उरलेल्या गोण्या खाली नेऊन दोघं निघून गेली.

मिस्त्रीचा फोन आधी वाजत राहायचा, मग लागेनासा झाला. नवरा सकाळी लवकर उठून मजूर उभे राहतात त्या नाक्यावर जाऊ लागला. तिथून एकेक मिस्त्री येऊन बघून जायचा. सगळ्यांचं म्हणणं एकच, दुसऱ्याचं अर्धं काम आम्ही हातात घेत नाही, उद्या गळलं तर आमचं नाव. एकाने मला समजावलं, "मॅडम, ज्याने फोडलं त्यालाच बोलवा." मी त्याला हसले असते, पण हॉलमधून काकूंचा काकांना कूस बदलून देतानाचा श्वास ऐकू येत होता.

घरात आम्ही पाच माणसं आणि एक बाथरूम. पहाटे काकू उठायच्या ते आमच्या अंघोळी सुरू व्हायच्या आधी काकांचं सगळं आटपावं म्हणून. कितीही सांगितलं तरी त्या स्वतःच्या घरात असल्यासारख्या वागत नव्हत्या. कप विसळून ठेवायच्या, पंखा कमी करू का विचारायच्या. सासूबाई आणि त्या दुपारी दोघी मिळून भाजी निवडायच्या, तेवढाच त्यांचा आवाज घरात मोकळा असायचा. आम्ही तिघं आत त्या ओल्या भिंतीशेजारी झोपत होतो. वर पाण्याचा वापर बंद असूनही भिंत सुकायला तयार नव्हती.

आमच्या बाथरूमला दांडे नव्हते. नवऱ्याने एक बसवून घ्यायचं ठरवलं होतं, त्यासाठीही माणूस मिळत नव्हता. एका सकाळी काकूंचा हात निसटला आणि काका ओल्या लादीवर कुशीवर पडले. ओरडले नाहीत. आम्ही धावत आत गेलो तेव्हा ते तोच एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. पनवेलच्या दवाखान्यात खुब्याचं हाड मोडल्याचं सांगितलं. कोल्हापूरहून त्यांची मुलगी आली. तिने आम्हाला एका शब्दानेही बोल लावला नाही, उलट जाताना सासूबाईंच्या पाया पडली. बोलली असती तर बरं झालं असतं. ऑपरेशननंतर ती काकांना गाडीत आडवं करून कोल्हापूरला घेऊन गेली. काकू बरोबर गेल्या. चावी त्यांनी माझ्या हातात दिली. "काम झालं की कुलूप लावून घ्या हं," म्हणाल्या.

त्यानंतर मिस्त्री आला. फोन न करता, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून.

"अहो, होतात कुठे तुम्ही?" नवऱ्याने विचारलं. तो संतापला होता, पण त्याला ओरडता येत नाही.

"उरणकडे, द्रोणागिरीला. गोदामाचं काम निघालं, साहेब. तिथं महिनोन् महिने रोज काम असतं. एका बाथरूमसाठी ते सोडलं असतं तर पुन्हा बोलावलं नसतं."

"फोन तरी उचलायचा."

"उचलून काय सांगणार होतो?"

काका पडल्याचं आम्ही त्याला सांगितलं. तो पिशवी घेऊन वर गेला आणि त्याने काम पूर्ण केलं. लाद्या नीट बसवल्या, उतार काढला. दांडे पुन्हा लावायचे का, असं त्याने जिन्यातून खाली येऊन विचारलं. नवरा म्हणाला, लावा.

ते घर बंद राहिलं आणि उन्हाळ्यात आमची भिंत सुकली. आम्ही ती घासून रंगवून घेतली. काम झालं, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. काका कोल्हापूरहून परत आलेच नाहीत. ते गेल्याचं मुलीने फोनवर कळवलं. मग काकूंनी घर भाड्याने दिलं. एक तरुण कुटुंब राहायला आलं. त्यांनी पाणी वापरायला सुरुवात केली आणि थोड्याच आठवड्यांत त्याच भिंतीवर, आधीपेक्षा जरा डावीकडे, बशीएवढा डाग उमटला. कोन गावचा तो प्लंबर येऊन बघून गेला. म्हणाला, लादीखाली पाणी मुरतंय, पुन्हा उघडल्याशिवाय कळणार नाही. उघडायचं म्हटलं, तर मांडीवर तान्हं मूल घेऊन बसलेली ती वरची भाडेकरू मुलगी आमच्याकडे बघत राहिली. आम्ही खाली आलो आणि तो विषय पुन्हा काढला नाही. सासूबाईंनी आपली गादी हॉलमध्ये आणली. त्या खोलीत आता कपडे वाळत घालतो, तेही नीट वाळत नाहीत.

मध्यंतरी काकूंचा फोन आला होता. भाडेकरू कसे आहेत, जिन्यात दिवे लावले का, असं काहीबाही विचारून झाल्यावर त्या मुद्द्यावर आल्या.

"आणि तुमची ती ओल? गेली ना पूर्ण?"

सासूबाई समोरच बसल्या होत्या. फोन स्पीकरवर होता. त्यांनी माझ्याकडे पाहून 'सांगू नको' अशी मान हलवली.

"गेली, काकू," मी म्हटलं. "अगदी कोरडी आहे भिंत."

"चला, तेवढं तरी झालं," काकू म्हणाल्या.