भाता सोडलेला डावा हात

अमरावतीला बहिणीकडे आल्यापासून मी इथल्या बायकांच्या भजनात वाजवते. त्या विचारतात, तुझा डावा हात असा कसा फिरतो वं? मला चारचौघींत बोलता येत नाही. मी हसून पदर सारखा करते. म्हणून इथे लिहून ठेवते.

वडील चांदूर बाजारला भजनात पेटी वाजवायचे. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पण पेटी सुटली नाही. पेटीत उजवा हात सूर धरतो आणि डावा मागचा भाता हलवतो. डाव्याला पट्ट्या दिसतसुद्धा नाहीत. तो फक्त हवा भरतो.

लग्न होऊन अकोल्याला गेले. नवरा लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. नवीन कीबोर्ड बँडबरोबर फिरायचा, जुना घरी खाटेखाली पडून असायचा. एका दुपारी मी तो काढला. उजव्या हाताला चाल लगेच सापडली. डावा मात्र आपोआप कीबोर्डच्या मागे गेला आणि भिंतीजवळ रिकामी हवा ढकलू लागला. नवरा दारात उभा होता.

"अवं, भिताडाचा भाता ओढून राहिली का?"

तो हसत हसत खाली बसला. मीही हसले. संध्याकाळी त्याने बँडमधल्या दोघांना बोलावून मला तेच पुन्हा करायला लावलं. मी करत नव्हते, तर मनगट धरून माझा हात भिंतीवर आपटला. ते दोघेही हसले.

मग तो शिकवायला बसला. "डावा हात इथं. तीन पट्ट्या एकदम दाब अन् गप बस. बाकी मशीन करते." तो स्वतः तसंच वाजवायचा. बटण दाबलं की मशीन ढोल-ताशे वाजवायचं आणि त्याचा डावा हात तीन पट्ट्यांवर असा बसायचा, जसा कुणाचा गळा दाबून धरला आहे. माझं बोट हललं की वायरचा फटका बसायचा. हात सुजला तरी भाकरी थापाव्या लागायच्या.

तो लग्नांना परतवाड्याकडे गेला की मी मशीनचा ताल बंद करायची आणि पियानोचा आवाज लावायची. तेव्हा डाव्या हाताचं दारिद्र्य उघडं पडलं. पेटीचा सूर भात्यावर जगतो, पियानोचा सूर पट्टी दाबून ठेवली तरी मरतो. तीन पट्ट्या एकदम दाबल्या की धप्प आवाज व्हायचा आणि मग नुसती शांतता. उजवा हात एकटाच बोलत राहायचा.

मग मला वाटलं, डाव्याला भात्याचंच काम द्यावं. वडील भाता एकसारखा कधीच ओढत नसत. गाणारा दम घ्यायला थांबला की भरून ओढायचे, गात असला की हलकं करायचे. मीही तसं करू लागले. ओळ संपली की डावा हात बोलायचा, ओळ सुरू झाली की मागे सरायचा.

शेजारी पिठाची चक्की होती. चक्कीवाल्या काकूंचं बायकांचं भजनी मंडळ होतं. भिंतीतून ऐकून त्यांनी मला बोलावलं. "आमच्यात ये वं. बोलू नको काही, नुसतं वाजव." मी जुना कीबोर्ड चादरीत गुंडाळून जाऊ लागले. सारी उमर मी कुणाच्या डोळ्यांत बघून बोलले नव्हते. तिथे मात्र मी पट्ट्यांवरून काही म्हणायची आणि बायका मान हलवायच्या. ते जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

एकदा मी घरी वाजवत असताना नवरा बँडमधल्या एकाला घेऊन आला. पाहुणा दारातच थांबला. म्हणाला, "वहिनीचा डावा तुह्यापेक्षा फिरते बावा!"

पाहुण्याला चहा मिळाला. तो गेल्यावर नवऱ्याने दार लावलं, माझा डावा हात ओढून फरशीवर ठेवला आणि बुटाची टाच त्यावर देऊन उभा राहिला. "माह्याच मशीनवर माह्यापेक्षा शानी होते?" वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. दवाखान्यात मी पायरीवरून पडले असं त्यानेच सांगितलं. घरी आणताना तो म्हणाला, "पुन्हा बायकांत वाजोलं, तं मनगटापासून तोडीन." तो नुसतं बोलणारा माणूस नव्हता.

प्लास्टर निघालं तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडंच राहिलं होतं. तीन पट्ट्या एकदम आता दाबता येईनात. मग मी एकेक दाबू लागले. मधल्या बोटाने खालचा सा मारायचा, आणि हात उचलून वर उडी घेऊन उरलेले सूर पकडायचे. त्या उडीतूनच ठेका तयार झाला. कधी पंचम आधी, सा मागून. कधी एक ठोका मुद्दाम रिकामा सोडायचा, म्हणजे पुढचा जोरात लागतो. ओळ वळायच्या आधी सा-नी-ध-प असं पायऱ्या उतरत यायचं. काकू खालच्या पट्टीत गाऊ लागल्या की डावा वर न्यायचा, त्यांच्या पायात यायचं नाही.

कुणी म्हणेल, बोटं मोडली म्हणून हे सापडलं. मी तसं म्हणत नाही. बोटं सरळ असती तरी मी हे शोधलंच असतं. थोडं उशिरा, पण न दुखता.

मी चोरून जातच राहिले. एका शनिवारी चक्की बंद करून आम्ही बसलो होतो. देवळातल्या भजनाची तयारी चालली होती. तो पातूरहून लवकर परत आला. पावलं ऐकताच माझा डावा हात मुठीत वळला. त्याने मागून केस धरले आणि माझं तोंड पट्ट्यांवर आपटलं. सगळे सूर एकदम ओरडले. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा ओठ फाटला.

काकूंनी हातातली झांज फिरवून त्याच्या कानशिलावर मारली. "अबे, भजनात बूट घालून येतं?" तो वळला तर दुसऱ्या बाजूनेही मारली. कान फुटून रक्त आलं. बाकीच्या बायका उठल्या. कुणी शर्ट फाडला, कुणी पिठाचा डबा त्याच्या डोक्यात घातला. पांढऱ्या तोंडावर लाल ओघळ घेऊन तो दारापर्यंत गेला, परत फिरला आणि कीबोर्ड उचलला.

"हे माहं हाय," तो धापा टाकत म्हणाला. "वाजोव म्हणा तिले आता. ओढ म्हणा भिताडाचा भाता!"

वायर फरशीवरून घासत गेली. मी माझ्या हाताकडे बघत होते. तो तुटला नव्हता, पण आता त्याला जागा उरली नव्हती.

काकूंनी कोपऱ्यातली मंडळाची जुनी पेटी आणून माझ्यापुढे ठेवली. सवयीने माझा डावा हात मागे भात्याकडे गेला, तर तिथे आधीच एक हात होता. काकू पेटीच्या पलीकडे, माझ्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या.

"सोड थो भाता. थो मी ओढते. तू दोन्ही हातानं वाजोव."

"काकू, असं कुणी वाजवत नाही," मी म्हणाले.

"नसन वाजोत. त्याचा कान गरम हाय तोवर वाजोव, थो गल्लीतच असन अजून."

पेटीत हवा भरली. ओठातलं रक्त पट्टीवर पडलं, ते पदराने पुसलं. मधलं बोट खालच्या सा वर ठेवलं आणि पूर्ण जोराने दाबलं. या वेळी सूर मेला नाही. काकू ओढत होत्या. मग मी हात उचलला आणि वर उडी घेतली.

त्या दिवशी मी घरी गेले नाही.